बादलीभर कवळ्या

वादळ समुद्रात होतं तेव्हा त्याला केवढा मान होता. रेडिओ दर तासाला त्याची खबर द्यायचा. आता इथे आहे, आता वळलं, आता थांबलं. गाव समुद्रापासून एका दिवसाच्या रस्त्यावर, तरी लोकांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. सलूनवाल्याने दाराबाहेरचा मोठा आरसा काढून आत नेला. मंगळवारी वादळ किनाऱ्यावर आदळलं. बुधवारी डोंगर चढून अलीकडे उतरेपर्यंत त्याचा दम निघाला होता. रेडिओ म्हणाला, आता हे वादळ नाही, नुसता कमी दाबाचा पट्टा आहे.

"म्हणजे आमचे साडू," सलूनवाला म्हणाला. "लग्नात केवढा दरारा. आता उठून पाण्याचा ग्लास घेत नाहीत."

त्याने आरसा पुन्हा बाहेर टांगला. गावाने फळ्या उतरवल्या. वारा येणार नाही म्हटल्यावर भ्यायचं कशाला? पाऊस काय, पडतोच.

शेजारच्या कवळीकाकांनी फळ्या ठोकल्याच नव्हत्या. त्यांच्या जिवाला वेगळाच घोर होता. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता.

काका कवळ्या करायचे. चाळीस वर्षं हेच काम. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, काका दात बसवून परत द्यायचे. खाली दुकान, वर घर, मागच्या दाराशी ओढा. दुकानात एक लांब टेबल. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचं चाक आणि प्लास्टरच्या जबड्यांची रांग. भिंतीला मांडणी, मांडणीवर वाट्या. प्रत्येक वाटीत पाणी, पाण्यात कवळी, वाटीखाली नावाची चिठ्ठी. तयार कवळी पाण्यातच ठेवावी लागते. "सुकली की वाकते," हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा ऐकू यायचं, की काकांच्या मुलीने लहानपणी आपली बाहुलीसुद्धा आठवडाभर पातेल्यात बुडवून ठेवली होती.

काकांनी पहिली कवळी केली ती स्वतःच्या वडिलांची. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. जीव ओतून केली. दात पांढरेशुभ्र, एका रेषेत. वडिलांनी ती घातली आणि हसून दाखवलं. आई बघतच राहिली.

"हा कोण माणूस?" ती म्हणाली.

कुत्रं भुंकलं. पुढचे चार दिवस आई वडिलांना पाहुण्यासारखी वागवत होती. चहा घ्या, बसा ना, उन्हात कशाला उभे. वडिलांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून ते शीळ घालायचे. पोराने फट बुजवली होती आणि शीळही. पाचव्या दिवशी काकांनी ती कवळी फोडली. नवी केली, फटीसकट. संध्याकाळी फाटकाशी शीळ वाजली. आतून आई म्हणाली, "आलात? मग भाजी कुठाय?"

तेव्हापासून काकांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी फोटो मागायचे. जुना, आणि हसतानाचा. मग त्या माणसाचं जे काही वाकडंतिकडं असेल ते जसंच्या तसं उतरवायचे. हेडमास्तरांचा एक दात आत गेलेला. बेकरीवाल्या आजींच्या दाताचा कोपरा उडालेला. लोक कुरकुरायचे, "अहो, नवीन करताय तर चांगलं करा ना." काका म्हणायचे, "आठ दिवस घाला. नाही आवडली तर सरळ करून देतो." चाळीस वर्षांत कुणी परत आलं नव्हतं.

काकूंनीसुद्धा तेच मागितलं. सरळ.

काकू बसस्टँडवर अनाउन्सर होत्या. एकतीस वर्षं. लग्नाआधी काकांनी त्यांना पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. काका तेव्हा कामाला शेजारच्या शहरात जायचे, सकाळी दहा चाळीसच्या बसने. एकदा भोंग्यातून आवाज आला, "दहा चाळीसची गाडी सुटण्यास सज्ज आहे." काका जागचे हलले नाहीत. गाडी गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी ते काचेच्या केबिनसमोर जाऊन उभे राहिले. आतल्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाली, "दहा चाळीसचे प्रवासी तीन दिवस नेमके कशाची वाट बघत आहेत?" आणि हसली. हसताना तिचा वरचा डावा सुळा जरा पुढे येऊन बाहेर डोकावला. शेजारच्या दातावर कोपर टेकून उभा असल्यासारखा.

त्या सुळ्यावरून काकूंनी काय काय ऐकलं होतं. शाळेच्या प्रत्येक फोटोत त्यांचं तोंड बंद. थोरली बहीण म्हणायची, "हिला बघायला आले तर हिने हसायचं नाही, मान डोलवायची." बोलायला मात्र तो सुळा कधी आडवा आला नाही. काकूंचा 'स' गावभर ऐकू यायचा. आणि अनाउन्सरचं सगळं काम म्हणजे 'स'च. सकाळी सव्वासातची, संध्याकाळी साडेसहाची, फलाट क्रमांक सात.

तीन महिन्यांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी काकूंचे वरचे सगळे दात काढले. 'स' गेला, नुसती हवा उरली. काकूंनी त्या दिवसापासून रजा टाकली. स्टँडवर तोपर्यंत मशीन आलंच होतं. त्यात कुणा परक्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. काकू घरातही बोलेनाशा झाल्या. जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून द्यायच्या. हसू आलं तर तोंडावर रुमाल. ज्या घरात सकाळी सहापासून आवाज असायचा, तिथे आता नुसती पेन्सिल वाजायची.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहून दिलं होतं: "आजपासून तिसऱ्या महिन्यातला शेवटचा शनिवार. त्या दिवशी मी रिटायर. स्टँडवर जाऊन शेवटचं बोलणार. पण दात असले तरच. एकतीस वर्षं स्वच्छ बोलले, जाताना फुसफुसणार नाही." आणि खाली, दोनदा अधोरेखित: "सुळा सरळ लावा. जन्मभर वाकडा मिरवला. आता पुरे."

काकांनी मान डोलवली. दोन महिने हिरड्या भरू दिल्या, मग मेणावर दात मांडले. सुळा सरळ लावला. लांब धरून बघितलं. मेण अजून कोमट होतं. अंगठा आपोआप पुढे झाला आणि सुळा जरासा वळला. त्यांनी तो परत सरळ केला. परत वळला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी डोळे मिटून साचा बंद केला आणि गरम पाण्यात ठेवला. उघडला तेव्हा कवळी दगडासारखी पक्की झालेली. सुळा शेजाऱ्यावर कोपर टेकून उभा.

आता ही दाखवायची कशी? काकांनी ती जुन्या कान तुटलेल्या मगमध्ये पाणी घालून ठेवली आणि तो मग कपाटात, प्लास्टरच्या पिशवीमागे. काकूंनी लिहून विचारलं, "झाली का?" काका म्हणाले, "हिरड्या अजून बसल्या नाहीत." दुसऱ्या आठवड्यात, "कवळीचा मसाला चांगला आला नाही." तिसऱ्या आठवड्यात काकूंनी विचारलंच नाही. नुसतं बघितलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

तर असा तो घोर. शनिवार दोन दिवसांवर आला होता.

गुरुवारी सकाळपासून पाऊस लागला. वारा नव्हता, गडगडाट नव्हता. नुसतं सरळ पाणी. दम निघालेलं वादळ गावावर येऊन बसलं होतं आणि समुद्रातून आणलेलं सगळं ओझं इथेच उतरवत होतं. दुपारी एकला काका एक दुरुस्त केलेली कवळी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांकडे गेले. सलूनवाल्याने हाक मारली, "काका, छत्री कशाला? नुसता पट्टा आहे."

तीन वाजता ओढा रस्त्यावर आला. साडेतीनला रस्ता दिसेनासा झाला. काका डॉक्टरांच्या जिन्यावर अडकले, सात पेशंटांबरोबर. त्यातल्या दोघांचे अर्धे दात काढून झाले होते. फोन लागत नव्हता. खालून पाणी चाललं होतं. खुर्च्या, भाजीच्या टोपल्या, कुणाचं तरी कुंपण. मग एक मोठा आरसा आला. आभाळाकडे तोंड करून, सावकाश, मिरवणुकीत बसल्यासारखा. काकांनी तो ओळखला. म्हणजे दुकानांच्या ओळीत पाणी शिरलं होतं. काकू घरात एकट्या होत्या.

साडेपाचला पाऊस थांबला. पाणी आलं तसं झपाट्याने उतरायला लागलं. काका मांडीभर पाण्यातून निघाले. अर्ध्या रस्त्यात सलूनवाला भेटला. गावातली माणसं सगळी सापडली होती, म्हणाला. सगळी. काकूही वर आहेत, त्याने बघितल्या. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ काढलाच नाही.

काकू जिन्यात बसल्या होत्या. कपडे चिंब, तोंडाला चिखलाच्या वासासाठी रुमाल बांधलेला. त्या उठल्या आणि काकांना वर ओढून नेलं. खोलीच्या मधोमध निळी बादली. काकूंनी ओला कागद पुढे केला. आधीच लिहून ठेवलेला.

"सगळ्या वाचवल्या. सोळाच्या सोळा. चार फेऱ्या केल्या. सुकू दिल्या नाहीत."

काकांनी बादलीत बघितलं. सोळा माणसांच्या कवळ्या, वरच्या आणि खालच्या मिळून अठ्ठावीस तुकडे, एकाच पाण्यात. एकमेकांत अडकलेले, एकमेकांना चावत. वाट्या खालीच राहिल्या होत्या. वाट्यांखालच्या चिठ्ठ्या ओढ्याबरोबर गेल्या होत्या.

काका आधी जमिनीवर बसले. मग हसायला लागले. चाळीस वर्षं ज्याची पोपटपंची केली ते एकच वाक्य बायकोने जिवावर उदार होऊन पाळलं होतं.

"वाट्या उचलायच्या नाहीत का गं?" ते म्हणाले.

काकूंनी लिहिलं: "हात दोन. वाट्या सोळा. तुम्ही डॉक्टरांकडे."

हसता हसता काकांना कपाटातला तो कान तुटका मग आठवला. ते तसेच खाली धावले. कपाट पालथं पडलं होतं. पिशवीतलं प्लास्टर पाण्यात मुरून तिथेच घट्ट झालेलं. मागचं दार सताड उघडं. तो मग दाराच्या कोपऱ्यात सापडला, चिखलात उपडा. काकांनी तो उचलून आत बोट घातलं. चिखल. नुसता चिखल.

काकूंना विचारायचं तरी काय? जी कवळी झालीच नाही असं तीन आठवडे सांगितलं, ती कुठे गेली म्हणून?

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. वीज नव्हती, पण गाव जागं होतं. जिकडेतिकडे फावडी वाजत होती. काकूंनी बादलीतल्या कवळ्या औषधाच्या पाण्यात धुऊन जेवायच्या टेबलावर मांडल्या होत्या. नऊपासून जिन्यात रांग लागली. पुराने कुणाची गादी नेली होती, कुणाचा टीव्ही, पण दात काकांकडे होते, म्हणून आधी इथे.

काका एकेक तुकडा उचलून उजेडात धरायचे. "कोपरा उडालेला. बेकरीवाल्या आजी, या." आजी आल्या, भिंतीकडे वळून घातली, टाळी वाजवली. "माझीच आहे. कडबोळ्यासारखी बसली." एका निवृत्त ड्रायव्हरची त्याच्या पान खायच्या बाजूच्या झिजेवरून सापडली. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या दोन बहिणींच्या कवळ्या हुबेहूब सारख्या निघाल्या, कारण दात आईवर गेले होते.

"धाकटीचे उजवीकडे जरा चढलेत," काका म्हणाले.

"चढलेलेच असणार," थोरली म्हणाली. "सगळं घर डोक्यावर घेते."

हेडमास्तरांना त्यांची वरची कवळी लगेच मिळाली. खालची काकांनी घाईत दिली. हेडमास्तरांनी तोंड मिटलं आणि उघडेना.

"अरे," ते दातांतूनच म्हणाले, "हे खालचे माझ्याशी सहमत नाहीत."

"मास्तर, सवय करा," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "आम्ही तुमच्या वर्गात दहा वर्षं काढली."

खालची सलूनवाल्याच्या सासऱ्यांची होती. अदलाबदल झाली. जिना हसला. काकू कोपऱ्यात उभ्या राहून हसत होत्या, खांदे हलत होते, तोंडाला रुमाल तसाच. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. कालपासून ते बायकोच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. अख्ख्या गावाचे दात परत मिळत होते. एका माणसाचे नव्हते, आणि ते माणूस सगळ्यांना चहा देत होतं.

दुपारी काका मागच्या अंगणात चिखल उपसायला लागले. फावड्याने नाही, हाताने. प्रत्येक ढेकूळ फोडून.

सलूनवाला कुंपणाशी आला. "काय शोधताय?"

"मेणाची सुरी."

"सुरी टेबलावर आहे. मी आत्ता बघितली."

 काकांनी सगळं सांगितलं. सुळा, मग, हिरड्या, मसाला. सलूनवाल्याने डोक्याला हात लावला.

"काका, गावाला वाकडे दात लावलेत, कुणी चकार शब्द काढला नाही. स्वतःच्या बायकोला तरी तिने मागितलं ते द्यायचं होतं."

"सरळ लावला होता रे. चार वेळा."

"मग?"

"बघवेना."

 सलूनवाला कुंपण ओलांडून आला आणि शेजारी उकिडवा बसून ढेकळं फोडायला लागला. दोघांनी ओढ्यापर्यंतची जमीन चाळली. एक चमचा सापडला, एक बाहुलीचा पाय, आणि सलूनवाल्याच्या आरशाची चौकट. आरसा नव्हता.

"उद्या सकाळी सांगा," सलूनवाला म्हणाला. "उठल्या उठल्या. चहाच्या आधी. कान पकडा आणि सांगा. नवीन करायला किती दिवस?"

"वीज आली तर पाच."

"आणि शनिवार?"

"उद्याच."

शनिवारी पहाटे वीज आली. काका उठल्याबरोबर खाली गेले. एकदा शेवटचं बघावं म्हणून. तासभर चिखलात हात घालून फिरले. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून त्यांनी मनात वाक्यं जुळवली. "अगं, एक सांगायचंय. कवळी झाली होती. तीन आठवड्यांपूर्वीच." एवढं पाठ करून ते वर गेले. स्वयंपाकघर रिकामं. खोली रिकामी. टेबलावर पाठकोरा कागद.

"स्टँडवर जाते. मशीनमध्ये पाणी गेलंय, बोलत नाही. तीनशे माणसं गुरुवारपासून अडकलीत, रस्ते आता उघडतायत, कुठली गाडी कुठून जाणार ते कुणाला कळत नाही. प्रमुख स्वतः आले होते. चहा झाकून ठेवलाय."

काकांनी कागद दोनदा वाचला. म्हणजे ती गेली. दात नसताना. तीनशे माणसांसमोर, अख्ख्या गावाच्या कानांवर, शेवटच्या दिवशी. फुसफुसणार नाही म्हणाली होती. लोकांसाठी गेली. आणि हे आपल्यामुळे. गुरुवारच्या आधी कधीही तो मग काढून दिला असता तर आज कवळी तिच्या तोंडात असती, ओढ्यात नसती. वाकडी का होईना.

ते निघाले. पायात चप्पल एक, दुसरी चिखलात राहिली. सलूनवाला दारात खुर्ची धूत होता. "सांगितलंत?" त्याने विचारलं. काकांनी नुसता हात हलवला आणि पळत राहिले. बासष्टाव्या वर्षी माणूस पळतो तेव्हा त्याचे हातच जास्त पळतात.

बेकरीच्या वळणावर भोंगा खरखरला. काका थांबले. रस्त्यातली फावडी थांबली. तीन महिन्यांनी तो माइक कुणीतरी बोटाने वाजवला होता, दोनदा, आणि असं वाजवणारं माणूस गावात एकच होतं. काकांनी डोळे मिटले. त्यांना ऐकायचं नव्हतं.

"सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं."

काकांनी डोळे उघडले.

"सकाळी सव्वासातची गाडी साडेआठ वाजता सुटेल. फलाट क्रमांक सात. पुलाचा रस्ता बंद असल्यामुळे सगळ्या गाड्या साखर कारखान्यावरून जातील."

'स' धारदार होता. एकही फुसकारा नाही. बेकरीवाल्या आजी पायरीवर आल्या, पिठाचे हात तसेच. "आली गं बाई," त्या म्हणाल्या.

काका तिथेच उभे. पहिला विचार आला तो कारागिराचा. कुणाची घातली हिने? टेबलावर दोन कवळ्या उरल्या होत्या. एक बाहेरगावच्या माणसाची, रुंद. ती हिच्या तोंडात मावणार नाही. दुसरी निव्वळ खालची. मग?

"सामान सांभाळून ठेवावं. सावकाश चढावं."

आणि आता काकांना ते ऐकू आलं. प्रत्येक 'स'च्या शेवटी डावीकडून एक बारीकसा सूर, वारा दाराच्या फटीतून यावा तसा. तो दुसऱ्या कुणाला कधी कळला नव्हता. पण काकांनी त्या आवाजापायी तीन बस चुकवल्या होत्या. सरळ दातांतून तो येत नाही. त्यासाठी एक सुळा जरा पुढे येऊन उभा असावा लागतो.

काका बेकरीच्या पायरीवर बसले. आजींनी न विचारता त्यांच्या हातात पाव ठेवला.

स्टँडवर पोहोचेपर्यंत साडेआठची गाडी भरली होती. बॅगा, गाद्या, एक पिंजऱ्यातला पोपट, झोप न झालेली माणसं, आणि तरी सगळीकडे गलका होता, सहलीला निघाल्यासारखा. काका काचेच्या केबिनसमोर जाऊन उभे राहिले. एका पायात चप्पल, कोपरापर्यंत चिखल. आत काकू. तोंडाला रुमाल नाही. त्यांनी माइक बंद केला आणि काचेतली छोटी खिडकी सरकवली.

"केवढा उशीर," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांतलं काकांशी पहिलं वाक्य.

"ती... मगमध्ये होती," काका म्हणाले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"माहीत आहे. कपाट आवरताना सापडली. तीन आठवडे झाले. त्याच दिवशी घालून बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते. नाहीतर आज न विचारता घालून येणारच होते."

"आणि पुरात?"

"पुरात काय? पाणी गुडघ्यापर्यंत आलं. दोन्ही हातांत बादली. ही ठेवू कुठे? मग म्हटलं, जिथली वस्तू तिथे."

"दोन दिवस तुझ्या तोंडात होती?"

"तुम्ही दोन दिवस माझ्याकडे बघितलंत कुठे? चिखलात सुरी शोधत होतात."

काकांच्या मागे स्टँडप्रमुख येऊन उभे राहिले होते. हातात कागद, कान इकडे. त्यांच्यामागे गाडी सुटायची वाट बघणारे पाच-सहा जण.

"मी सुळा सरळ मागितला होता," काकू म्हणाल्या.

"हो."

"वाकडा लावलात."

"हो. पाच दिवस दे. बदलून देतो."

"खबरदार." काकूंनी काचेतून बोट दाखवलं. "आरशात बघितलं तेव्हा आधी राग आला. मग म्हटलं, ही बाई ओळखीची आहे. आमच्या सासूबाई नव्हत्या का चार दिवस नवऱ्याला चहा घ्या, चहा घ्या करत? मला तसं नको. या वयात पाहुणा कुठे सांभाळू?"

आणि त्या हसल्या. रुमालासाठी हात वर गेला होता, अर्ध्यातच परत खाली आला. सुळा बाहेर डोकावला. एकतीस वर्षांपूर्वी होता तिथेच, तसाच.

  काकांनी हातातला पाव खिडकीतून आत दिला. काकूंनी तो घेतला, डाव्या बाजूने एक लचका तोडला आणि चावून दाखवला. मागचे पाच-सहा जण टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

"बाई," स्टँडप्रमुख कागद पुढे करत म्हणाले, "दहा चाळीसची राहिली. तिचा रस्ता अजून उघडला नाही."

काकूंनी घास गिळला. खिडकी बंद केली. माइक दोनदा वाजवला.

"सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. दहा चाळीसची गाडी आज सुटणार नाही. जे सद्गृहस्थ ती चुकवायला आले असतील, त्यांनी घरी जाऊन चिखल काढावा. झाकलेला चहा सोसवेल तेवढा गार झाला आहे. मी संध्याकाळी साडेसहाला सुटते."